गळ्याखालच्या दोन लोंबत्या

माझं माहेर गुंजीचं, खानापूरच्या रानाकडचं. टेशनाच्या मागं आमचं घर, गाडी आली की शेळ्या कान टवकारायच्या नि मी त्यास्नी म्हणायचे, अगं ती तुमाला न्यायला न्हाय आली. मग मला निपाणीकडं दिली. इकडं नुसता ऊस नि तंबाखू, झाड म्हणून बांधावरची शेवरी. लई दिस करमलंच न्हाय. हे आधी का सांगते, तर शेळ्यांतलं मला कळत न्हाय असं कुणी म्हणू नये. शेळी बघितली की तिची आई कोण, आज्जी कोण, मी सांगते. आनि तेच मी एकदा भर गावात, मला काय ठावं, असं म्हणून बसले. ल्ह्या, असंच ल्ह्या तुम्ही तुमच्या वहीत. पुढं एकोणीस वर्सं कुणाला बोलले न्हाय.

माझी धाकटी जाऊ मालू, येळ्ळूरची. लग्नानंतर पहिल्या पंचमीला माहेरला गेलती, येताना दोरी धरून पाट घेऊन आली. पाट म्हंजे अजून गाबण न गेलेली कोवळी शेळी. कंडक्टरनं शेळीचं तिकीट मागितलं तर ही म्हणाली, आण्णा, ती उभीच हाय की, शीट कुठं मागतीया? सगळी गाडी हसली म्हणं. तशी हुती मालू, बोलकी. पाट तिच्या आईनं दिलती. आमच्याकडं तसं हाय, लेकीला पाट दिली की ती तिची, नि तिच्या पोटचं जे हुईल ते बी तिचं, सासरच्यांनी त्यावर हक सांगायचा न्हाय. त्याला कागुद नसतोय, बायकांस्नी ठावं असतंय तेवढंच. पाट तांबडी हुती नि गळ्याखाली कातडीच्या दोन लोंबत्या, कानातल्या डुलांगत. तिच्या करडांत त्या उतरल्या, करडांच्या करडांत उतरल्या. तवा साऱ्या गावात दुसऱ्या कुणाच्या शेळीला तशा न्हवत्या.

माझी रेखा झाली नि माझं दूध आटलं. तवा मालू त्या शेळीची धार काढून, उकळून, निववून, वाटी-चमच्यानं माझ्या लेकीला पाजायची. मी म्हणायचे, मालू, तुझी शेळी माझ्या लेकीची आई झाली गं. व्हय, ह्याच तोंडानं म्हणायचे.

मग धाकटा दीर, मालूचा नवरा, उसाच्या ट्रॉलीखाली गेला. तेराव्याची भांडी धुऊन पालथी घातली न्हाईत तवर आमच्या मालकांनी वाटणी काढली. मारुतीच्या कट्ट्यावर गावातली चार शानी माणसं बसली. मालूच्या वाट्याला एक खोली आली, मधी भिंत घालायची ठरली. मग शेळ्यांचं निघालं, सात हुत्या. मालक म्हणाले, घरच्या चाऱ्यावर वाढल्या, घरच्या हायत. घरचा चारा! काय सांगू तुम्हाला, त्या माणसानं जल्मात एक पेंडी उचलली न्हाय. शेवरी ओरबाडून आणायची आम्ही, लेंड्या काढायच्या आम्ही, थंडीवाऱ्याची करडं डालग्याखाली झाकायची आम्ही, शेळी अडली की बसून ऱ्हायचं आम्ही, नि चारा ह्यांचा!

मालू समोर बसल्याली, पदर तोंडाला लावून. तिला कुणी इचारलं न्हाय. बाई समोर जित्ती बसलीया नि तिची शेळी कुणाची हे मला इचारत्यात! कट्ट्यावरचे थोरले आप्पा म्हणाले, वैनी, तुम्ही घरातल्या थोरल्या, ह्या शेळ्या हिच्या माहेरच्या पाटीच्या वंशातल्या का घरच्या?

मी म्हणलं, मला काय ठावं, घरच्याच असतील.

आदल्या दिशी मालकांनी दम दिलता, तोंड उघडलंस तर गुंजीची वाट धर म्हणून. इतकी वर्सं मी मनाला तेच सांगत आले, भ्याले म्हणून बोलले न्हाय. आता खरं सांगते. भ्याव निम्मंच हुतं. निम्मी हाव हुती. गावातल्या बाया करडू मागायला मालूकडं यायच्या, मालूला इचारायच्या, नि मी थोरली असून दारात उभी. मला वाटलं, आता माझ्याकडं येतील. आल्या की. नि प्रत्येकीला मी करडू दावायचे ते गळ्याखाली हात धरून, लोंबत्या झाकून.

मालूनं तोंडाचा पदर काढला. उठली नि गेली. पुढं निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत जायला लागली. तिथली धूळ छातीत बसली, पहाटंची ती खोकायची ते भिंतीतनं ऐकू यायचं. मी हिकडं धार काढायचे नि तिकडं ती खोकायची. एकोणीस वर्सं भिंत एक नि तोंड न्हाय.

ह्या संक्रांतीच्या आधी माझी एक शेळी अडली. करडाचा एकच पाय भाईर, दुसरा आत मुडपलेला. माझा हात जाड, आत जाईना. डाक्टरांचा फोन लागंना. मालक म्हणाले, मरंल तर मरंल. मी भिंतीवर थापा मारल्या, मालू, ये गं, शेळी जातीया. आली. कामावर निघाल्याली, डबा खाली ठेवला, कोपरापातूर तेल लावलं, डोळं मिटून आत चाचपलं, पाय सरळ करून करडू वढून काढलं. नाकातलं पुसलं, तोंडात फुंकर घातली. करडू वरडलं. मग तिनं त्याच्या गळ्याखाली दोन बोटं घातली, नि म्हणाली, आईवर गेलंय. एवढंच. डबा घेऊन वखारीला गेली.

मी त्या दिशी जेवले न्हाय. दुसऱ्या दिशी तिच्या दारात जाऊन म्हणलं, मालू, सगळ्या तुझ्या हायत, घेऊन जा. ती तांदूळ निवडत हुती. वर न बघता म्हणाली, आक्का, दारामागं देऊ नगंस. जिथं बोललीस तिथं बोल.

आठ दिसांनी जनावरांच्या हापिसातल्या बाई आल्या, शेळ्यांच्या कानात पिवळं बिल्लं मारायला नि नावं लिवायला. मारुतीच्या कट्ट्यापाशीच टेबल मांडलं. शेळ्या धरून उभ्या सगळ्या बाया, नि नावं सांगायला म्होरं सगळे बापे. माझ्या अकरा शेळ्या म्होरं नेल्या. बाईंनी कन्नडात इचारलं, यार हेसरिगे बरीली, कुणाच्या नावावर लिवू? मालक नाव सांगायला लागले, नि मी म्हणलं, थांबा, ह्या मालूच्या हायत.

मालक म्हणाले, ए, येडी झालीस का? थोरले आप्पा आता म्हातारे झाल्यात, काठी टेकून म्हणाले, वैनी, जुनं उकरू नगा. मी म्हणलं, उकरायला ते पुरलंयच कुठं आप्पा, माझ्या गोठ्यात दर वर्साला चार पायांवर उभं ऱ्हातंय. ते म्हणाले, मग तवा का बोलला न्हाईसा? मी म्हणलं, मी खोटं बोलले, माझ्या मनात हाव हुती. पर तुम्ही तिला का इचारलं न्हाईसा? ती समोर बसलती. तिची शेळी, तिची आई देणारी, नि साक्ष माझी? चार शान्यांतल्या एकाला बी सुचलं न्हाय? आप्पा काठीनं माती उकरायला लागले. बाया मातर हसल्या बगा, पदराआड.

बाई म्हणाल्या, नऊ शेळ्यांस्नी लोंबत्या दिसत्यात, दोघींस्नी न्हाईत. मालक म्हणाले, त्या दोन तरी आमच्या. मी म्हणलं, न्हाय, त्या बी तिच्याच पाटीच्या पणत्या, लोंबत्या उतरल्या न्हाईत एवढंच. हे माझ्याबिगर कुणाला ठावं न्हवतं. तिथं गप बसले असते तर खपलं असतं. अकराच्या अकरा मालूच्या नावावर लिवल्या. मालू मागं उभी हुती, बाईंनी बोलावलं तवा म्होरं येऊन तिनं सही केली, सावकाश, कन्नडात.

आता मालक माझ्याशी बोलत न्हाईत. ताट वाढलं की जेवत्यात. ऱ्हाऊ द्या, ताट वाढायचं मी काय सोडत न्हाय.

मालूनं वखार सोडली. शेळ्या तिच्याकडं ऱ्हात्यात, पर जनावर सवयीचं, सांजच्याला चरून आल्या की आधी माझ्याच दाराशी थांबत्यात. मी त्यास्नी हाकत तिच्या दारात न्हेते. ती माझ्या हातातनं दोरी घेती, एकेकीच्या पाठीवर हात फिरवून आत सोडती. मला ये म्हणत न्हाय, बस म्हणत न्हाय. मी जराशी उभी ऱ्हाते नि माघारी येते. तुम्ही इचारलंसा, मालूनं माफ केलं का म्हणून. तिचं तोंड हाय, उघडंल तवा उघडंल. माझं उघडायला एकोणीस वर्सं लागली.