साहेबांपुढे तीन राजे

अवधपुरीच्या बसमध्ये पुढच्या सीटवर एकाच ऑफिसातले दोघे बोलत होते.

"नरहरजी, काल चार इमलीला साहेबांच्या बंगल्यावर पोकर खेळलो."

"पानं काय आली, आशय?"

"तीन राजे."

"मग जिंकलास की."

"कुठलं? साहेबांनी बोली वाढवली, मी पानं टाकून दिली."

"अरे, ब्लफ असेल. हातात काही नसताना समोरच्याला घाबरवायचं, हाच तर पोकर."

"ब्लफच होता, तोंडावर दिसत होतं. पण बदल्या त्यांच्याच सहीने होतात ना."

"म्हणजे साहेब जिंकले."

"नाही. मग त्यांच्या मॅडमनी बोली वाढवली, आणि साहेबांनीही मुकाट्याने पानं टाकली."

"मॅडमकडे होतं तरी काय?"

"तेच त्या मला विचारत होत्या. खेळ कालच शिकल्या."