जावई चढावर थांबतो

नाही, या यंत्राचं झाकण उघडून काही सापडायचं नाही तुम्हाला. मी सांगतो ना — बिघाड नाही त्यात. वरच्या मजल्याकडं जाणाऱ्या चढावर दोनदा थांबतो, पुन्हा चालायला लागतो, वरच्या वॉर्डात जेवण पोहोचतं. गार पोहोचतं, हे खरं. पण पोहोचतं ना? मग तो स्क्रूड्रायव्हर ठेवा खाली. हे बघा मिस्त्री — काय? इंजिनीअर. बरं, इंजिनीअर. मला इथं सगळे मामा म्हणतात. हे हॉस्पिटल एकमजली होतं तेव्हापासून वॉर्डबॉय आहे मी. केस पिकले, तरी बॉयच.

आवडतो का म्हणून काय विचारता? आवडायला मी काय स्थळ बघून आणलाय त्याला? नर्स पोरी मात्र त्याला जावईच म्हणतात. आणि आहेच तो जावई — कोपऱ्यात भिंतीला टेकून करंट पीत बसायचं, वाटेत कुणी आलं की तोंड फुगवून उभं राहायचं, आणि सगळ्यांनी बाजूला व्हायचं. रोज मीच पुसून काढतो त्याला, औषधाच्या पाण्यानं. मागं तुमच्या कंपनीची बाई आली होती, यंत्राबरोबर काम करताना कसं वाटतं म्हणून विचारत होती, हसून हसून. राग येतो, म्हटलं, लिहून घ्या. या साथीत आतल्या लोकांना माणसाचं तोंड दिसत नाही, आणि जेवण घेऊन जातं कोण — हे कपाट. एका म्हातारीनं त्याला विचारलं, बाळा, तू जेवलास का? तर हा म्हणतो, कृपया ट्रे उचला.

पण लागण होत नाही ना त्याला. एवढं मलाही कळतं, शाळा शिकलो नसलो तरी. आमचा धोबी गेला याच साथीत, आतल्या चादरी आणता आणता. हा आधी आला असता तर धोबी वाचला असता — मी कुठं नाही म्हणतो? म्हणून तर वाट शिकवली त्याला. हो, मीच शिकवली. तुमच्याच माणसानं सांगितलं, मामा, तुम्ही स्वयंपाकघरातून वॉर्डापर्यंत चाला, तो मागून येईल, तुम्ही जसे जाल तसं लक्षात ठेवील. चाललो. माझ्या पायाखालची वाट. मी वळलो, तो वळला. दाराशी थांबलो, तोही थांबला. आणि चढावर —

चढावर तो थांबतो, ते वरण सांडू नये म्हणून. असं समजा. नाही, पुन्हा कशाला चालून दाखवू? आत्ता? तुमच्यासमोर? माझा गुडघा — नाही, गुडघ्याला काही झालेलं नाही. असं बघू नका माझ्याकडं. साथीचं नाही ते, नाकात काडी घालून तपासणी झालीय माझी. जुनं दुखणं आहे. चढ लागला की छातीत हवा उरत नाही, कठडा धरून उभं राहावं लागतं थोडं. थोडंच. मग वर जाऊन आणखी थोडं. कुणाला पत्ता नव्हता, मुलालासुद्धा नाही. आणि या कपाटानं — मी जिथं थांबलो तिथंच, जेवढा थांबलो तेवढाच — रोज सगळ्या हॉस्पिटलसमोर माझी नक्कल चालवलीय. ज्यांची छाती अधू, त्यांना मोठ्या सिस्टरनी घरी बसवलंय. गेटवरच्या वॉचमनला असंच घरी पाठवलं, परत बोलावलं नाही. चांगल्यासाठीच करतात, माहीत आहे. पण मी घरी बसून काय करू? मुलगा-सून कामाला गेले की मी आणि चार भिंती. इथं मामा म्हणून हाक तरी मारतं कुणी. आणि ती म्हातारी बरी झाली की तिची खुर्ची ढकलत बाहेर कोण आणणार, हा?

काय? सिस्टरना नाही सांगणार? मी मागितलं का तुमच्याकडं काही? दया-बिया नको मला. तुमचं काम करा. तुमचे पाय तरुण आहेत. तुम्ही चाला पुढं, तो येईल मागून, शिकेल. मधे कुठं रेंगाळायचं नाही, जेवण गरम पोहोचलं पाहिजे. मी येतो सावकाश. आणि मी मागं राहिलो तरी वळून बघायचं नाही. निघा.