तिसऱ्या ओळीवरचा ठिपका

वहिनी, आई, सोसायटीतले सगळे, आणि मोरा बंदराहून एवढ्या लांब आलेल्या म्हात्रे मावशी. मला चार माणसांत बोलता येत नाही. वहिनी म्हणाल्या, "भावोजी, यांच्याबद्दल आज तुम्हीच बोला," म्हणून विलाससाठी उभा राहिलो. लिहून आणलंय, ते वाचतो.

विलास प्रोग्राम लिहायचा. त्याने आणि चार मित्रांनी लहान वाचनालयांसाठी एक प्रोग्राम केला. कोणतं पुस्तक कोणाकडे गेलंय, ते सांगणारा. तो कोणालाही फुकट द्यायचा, आतल्या कोडसकट, म्हणजे ज्याला येईल त्याने सुधारावा. मला कोड येत नाही. मी तळोज्याला एका कारखान्यात स्टोअर्सला आहे. पण एखादं काम कसं करायचं, ते साध्या भाषेत लिहिता येतं. म्हणून मॅन्युअल माझ्याकडे आलं.

मॅन्युअल तपासायची एक पद्धत होती, विलासनेच घातलेली. पान लिहून झालं की रविवारी मोऱ्याला मावशींच्या वाचनालयात जायचं. मावशी पान वाचत कॉम्प्युटर चालवणार. जिथे हात थांबेल, तिथे पेन्सिलचा ठिपका. लिहिणाऱ्याने समोर बसायचं, पण तोंड उघडायचं नाही. एकदा मला राहवलं नाही. म्हटलं, "मावशी, खालचं बटण..." विलासने चिमटाच काढला. "गायकवाड, तू काय प्रत्येक वाचनालयात जाऊन बसणार आहेस?" आणि मावशी म्हणाल्या, "तू गप ऱ्हा रं. तुजा कागद काय बोलतं ते बगू दे मना."

त्याच दिवशी मोऱ्याच्या धक्क्यावर विलास मला म्हणाला होता, "तुला विचारल्याशिवाय तुझ्या पानाला कोणी हात लावणार नाही. मीसुद्धा नाही."

मी ते खरं मानलं.

मग एक दिवस कारखान्यात मावशींचा फोन आला. "रं पोरा, नवीन फ्लॉपी आली. तुजी पानां कुटं हायेत? यातलं मना काय कलत नाय."

विलासने आणि त्या चार मित्रांनी नवीन साधन घेतलं होतं. त्यात मॅन्युअलचा मजकूर कोडमध्येच, खुणा घालून लिहायचा. पुस्तक आपोआप तयार होतं. साधन चांगलं आहे म्हणतात. असेल. पण कोड न येणाऱ्याला त्यात लिहिता येत नाही. म्हणजे मला. ऐरोलीत, विलासच्या याच घरात ठरलं. विलास आणि ते चौघे होते. आज चौघेही समोर बसलेत. मित्रांनो, एकालाही वाटलं नाही, गायकवाडला बोलवावं?

मी विलासला फोन केला. "का रे?"

"प्रोग्राम बदलायचा आणि जुनी पानं मागे पडायची. तुला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही."

"म्हणून फ्लॉपीने कळवलंस?"

मी फोन ठेवला. पुढच्या आठवड्यात तो दारात आला. हातात प्लास्टिकची फाईल होती. मी दारातूनच म्हटलं, "कामात आहे." तो म्हणाला, "बरं." तेवढंच. त्यानंतर तो मला दिसला तो इथे, तुम्हा सगळ्यांबरोबर, शेवटचा.

ती फाईल वहिनींनी परवा मला दिली. आत एकच पान. त्याच्या अक्षरात. वर लिहिलंय, 'गायकवाडसाठी'. कोड न येता नवीन साधनात कसं लिहायचं, त्याच्या सूचना.

मी ते पान घेऊन कॉम्प्युटरसमोर बसलो. तिसऱ्या ओळीवर हात थांबला. फाईल सेव्ह करा म्हणतो, कुठे ते सांगत नाही. मी पेन्सिलने ठिपका दिला. आणि लिहिणारा बसलेला असेल, असं वाटून समोर बघितलं.

विलास, तू मला फसवलंस. तू गेलास म्हणून मी ते खोडणार नाही. जिथे गप्प बसायचं नसतं, तिथे तू गप्प बसलास. आणि दारात मीही तेच केलं. आता हे पान दुरुस्त करायलाही तू नाहीस. याचा राग कोणावर काढू?

तुम्हा चौघांना एकच सांगतो. मॅन्युअल मी लिहीन, नवीन साधनातच लिहीन. रविवारी मी विलासचं हे पान चालवून बघेन, तेव्हा तुमच्यापैकी एकाने माझ्यासमोर येऊन बसायचं आणि ठिपका पडेल तिथे ते दुरुस्त करायचं. त्यानंतर माझं प्रत्येक पान मोऱ्याला मावशींकडे जाईल.

आता दोन मिनिटं सगळे उभे राहू या. पान तपासताना लिहिणारा समोर असायचा तसे, गप्प. मधे कोणी मला काही समजावू नका.