सवयीवरचा निबंध

अरे, बी.ए.ले असताना मानसशास्त्रात मी 'सवय' या विषयावर शोधनिबंध लिहिला. सरांनी बजावलं होतं, टाइप करून आणा, एकही खाडाखोड चालणार नाही. भंडाऱ्यात कोर्टाबाहेर बसणारे टायपिस्ट काका जन्मभर शपथपत्रं टाइप करत आलेले. माझ्या निबंधाखालीही त्यांनी टाकलं, 'वरील मजकूर माझ्या माहितीप्रमाणे खरा आहे.'

"काका, हे कायले टाकलं?"

"हात चालून गेला, बापू."

पान पुन्हा करवलं. पुन्हा तेच! पण मीही हटलो नाही. तिसऱ्यांदा त्यांच्या समोरच बसलो आणि निष्कर्षात एक वाक्य वाढवलं, 'जुनी सवय सांगून सुटत नाही.'

काकांनी ते मन लावून टाइप केलं आणि लगेच खाली ठोकलं, 'वरील मजकूर माझ्या माहितीप्रमाणे खरा आहे.'

तेच पान मी सरांना दिलं.