शिवेपलीकडून

शकुन : मास्तरानं दोनदा वाचून दाखवलं तुमाले, बाबा. बापाचा अंगठा असल्याबिगर अमरावतीच्या दवाखान्यात नर्सचं काम शिकाले घेत नाई. उद्या सकाळी मास्तर अमरावतीले चालले. त्यायच्यासंगं मी जाईन. कागद घ्या ना हातात.

खुशालराव : नाई म्हनलं ना! कितीकदा सांगू?

शकुन : पन काहून? कुंकू पुसलेल्या पोरीनं जलमभर मळ्यात मेथीच्या जुड्याच बांधाव्या काय?

खुशालराव : बांध. अथी पोटाले कमी पडते काय तुले?

मैनाबाई : अवो, काय तोडून बोलता तिले! पोट्टी चोरी कराले चालली काय? वच्छलाबाई नर्सबी अमरावतीलेच शिकून आलती. थे नसती तं मी लेकीसगट मसनात गेली असती.

खुशालराव : तिचं नाव नको काढू.

मैनाबाई : काहून नाई काढू? मानमोडीच्या साथीत पोटचे लेक मायबापाजवळ जात नव्हते, तवा त्या परक्या बाईनं घरोघर जाऊन लोकायच्या तोंडात पानी सोडलं. अन् तुमाले तिचं नाव नको?

शकुन : बाबाले सांग ना माय, मी कशी झाली थे.

मैनाबाई : त्यायले काय सांगाचं? तेच तं धावत होते. मरीमायचा गाडा शिवेपार लोटला अन् पंचायनं गाव बांधलं. पाच दिवस आतला मानूस बाहेर नाई, बाहेरचा आत नाई. वच्छलाबाई हिवरखेडाकडं बिमार लोकायले पाहाले गेलती. वापस आली तं आंगात ताप. म्हने, माह्यासंगं बिमारी गावात नाई आनत. बसली शिवेवरच, बाभळीखाली. इकडं माह्या पोटात कळा. तू पायाळू. थे तिकून सांगे, तुहा बाप धावत येऊन दारातून आजीले सांगे. पोरीले वढू नोका, कळ येऊ द्या. दुपारपासून दिवस बुडेलोक चाललं हे.

शकुन : अन् रातीतून मेली बिचारी. दुसऱ्यासाठी आपनहून बाहेर राह्यली. मले तिच्यासारखं व्हाचं हाय, बाबा.

खुशालराव : तसं नाई झालं.

मैनाबाई : काय नाई झालं?

खुशालराव : थे आपनहून नाई राह्यली. मी आडवली तिले.

मैनाबाई : काय बोलून राह्यले तुमी?

खुशालराव : शिवेवर काठी घेऊन पंचायनं मलेच बसवलं होतं. तिनं हात जोडले. म्हने, घरात नका घेऊ खुशालभाऊ, गोठ्यात तरी पडू द्या. जनावराजवळ पडीन, कोनाले शिवनार नाई. मी म्हनलं, पाच दिवस झाल्याबिगर नाई.

शकुन : मी व्हाच्या आधी?

खुशालराव : आधीबी म्हनलं तिनं. तू झाल्यावरबी म्हनलं. दोनदा मी नाईच म्हनलं.

मैनाबाई : झाल्यावरबी? तिच्याकडून माही सुटका करून घेतली, अन् मंग तिलेच गोठा नाई? गरज सरो न् वैद मरो! अठरा वर्सं माह्या हातचं खाल्लं, अन् एका शब्दानं बोलले नाई? मी इकडं पोरीबाळीयले सांगून राह्यली, देवमानूस होती, आपनहून राह्यली. माय व माय! काय केलं हे तुमी?

खुशालराव : भेव होतं, मैना. तू बाळंतीन, पोरगी मुठीएवढी. पंचायनं वाळीत टाकलं असतं तं कुठी गेलो असतो? पहाटं लोटा घेऊन गेलो, तं पानी कोनाले देऊ? लोकायनं म्हनलं, आपनहून राह्यली असंन. मी मान हालवली. एकदा हालवली, मंग हालवतच राह्यलो.

शकुन : शेवटी काय म्हनली थे?

खुशालराव : काई नाई.

शकुन : बाबा.

खुशालराव : पोरगी झाली म्हनून सांगतलं तं हासली. तापानं दातावर दात वाजून राह्यले होते तिचे. म्हने, कोरड्या कपड्यात गुंडाळा, मायच्या आंगाशी ठेवा. अन् मले म्हने, जा खुशालभाऊ, तुमीबी आता घरी जाऊन दोन घास खा. सकाळपासून उपाशीच हाये तुमी.

(मैनाबाई पदर तोंडाला लावून रडते.)

शकुन : म्हनून मले नाई म्हनता? लाजेपायी?

खुशालराव : लाज तं हायेच. पन भेव वाटते, पोरी. तू शिकशीन, मंग तुले धारनीकडं धाडतीन, जंगलातल्या गावायत. साथ का सांगून येते? अन् कोन्या गावच्या शिवेवर माह्यासारखाच एखादा काठी घेऊन बसला असंन, तं?

शकुन : असंन बसला. मंग मी बाहेरून सांगीन, बाबा. आतली बाई तं सुटंन.

मैनाबाई : ऐकलं ना? उठवा अंगठा. तिले आत नाई येऊ देलं, हिले बाहेर तरी जाऊ द्या.

खुशालराव : आन तो कागद. कुठी उठवाचा थे बोट ठेवून दाखव, बाई. मले काई दिसून नाई राह्यलं.