ताईची बावीस ओळींची यादी

— नाही नाही, खाली नको, वर लिही. क्लासच्या डोक्यावर, कमेंटमध्ये, म्हणजे माणसांसाठीच्या टिपेत. अगं, कोडचा हा तुकडा, हा क्लास बघ — जनावरांच्या दवाखान्याचं सॉफ्टवेअर, क्लासचं नाव पेशंट — आणि आत एक तरी प्रॉपर्टी, म्हणजे माहितीचं नाव, लिहिलेलं दिसतं? वजन? नाही. वय? नाही. तरी मागितलं की मिळतं! पीएचपी भाषेची हीच तर गंमत — मागाल ते हा बाबा डेटाबेसमधून आणून हातात ठेवतो. पण काय काय मागता येतं, हे मागणाऱ्याला कळायचं कसं? म्हणून वर यादी. एका ओळीत एक नाव, आणि तो आकडा आहे की तारीख, ते. — काय? कमेंट तर संगणक वाचतही नाही, मग कशाला? हं. मीही असाच शहाणा होतो.

तुझ्या खुर्चीवर आधी ताई बसायची. तिने बावीस ओळींची यादी केली होती. — कुठे गेली म्हणजे? उडवली कोणीतरी. कचरा वाटला असेल त्याला. मग डेटाबेसमध्ये 'पुढचा डोस' नावाचा रकाना दिसला, अख्ख्या कोडमध्ये शोधला, कुठेच नाव नाही — म्हटलं, बिनकामाचा, काढून टाका. — हो, मीच म्हटलं, मीच काढला, जरा ऐकून तर घे! ते नाव 'पुढचा' आणि 'डोस' असे दोन तुकडे जोडून प्रोग्राम चालता चालता तयार व्हायचं, शोधून सापडणार कसं? अख्खं फक्त ताईच्या यादीत होतं. तीन आठवडे एकाही कुत्र्याच्या मालकाला इंजेक्शनची आठवण करून देणारा मेसेज गेला नाही. डॉक्टर फोनवर असे भुंकले की कुत्री परवडली!

आणि ताई? मी तो रकाना काढला त्याच आठवड्यात ती नोकरी सोडून गेलेली. साहेब म्हणाले, तिनेच जाता जाता घोळ घातला. मी मूग गिळून बसलो. — अशी बघू नकोस. चांगली होती गं ती, मला वाईट वाटतं. आता तिला नोकरीवर घेऊ का म्हणून एका ऑफिसातून विचारणा आलीय, साहेब आज कळवणार आहेत — काय कळवणार ते सांगायला ज्योतिषी नको.

तू मघापासून काय टाइप करतेयस? दाखव. वजन, वय... 'पुढचा डोस: तारीख. नाव चालता चालता तयार होतं, शोधून सापडत नाही. ताईंनी नोंदवलं होतं, दादांनी काढलं.' — अगं ए! माझं नाव कशाला? खोड ते! आधी खोड...

थांब. राहू दे.

साहेब केबिनमध्ये आहेत ना? त्या ऑफिसला फोन झाला नसेल अजून. सरक, घोळ माझा होता ते सांगून येतो — आणि बघत काय बसलीस, वजनापुढे तारीख लिहिलीयस, वजन म्हणजे आकडा, ते आधी नीट कर!