चाळिसावी जागा

(जावातलं मालांग. विद्यापीठाच्या कॅन्टीनमधलं कोपऱ्यातलं टेबल. डेल्फी सुट्टी संपवून गावाहून आजच परतलीये, वर्गमित्र पांजी समोर बसलाय. दुपार.)

डेल्फी : ...आणि बोटीत शेजारच्या बाईच्या मांडीवर कोंबडा. तिमोरपासून जावापर्यंत गप्प म्हणून बसला नाही मेला. तू खा ना पण. सेई आहे, आमच्याकडचं मांस, आईने परसात धुरी देऊन केलंय. म्हणाली, ज्या पोराने कोर्सला तुझा नंबर लावला त्याला आधी दे.

पांजी : खातो गं. नंतर.

डेल्फी : तू आणि नंतर? मागच्या वेळी डब्याचं झाकण चाटत होतास.

पांजी : पोट जरा बरं नाहीये. दादाचं लग्न कसं झालं?

डेल्फी : झालं बाबा एकदाचं. पण गावात नाव माझंच निघतंय. आमच्याकडे रेंज फक्त चर्चच्या टेकडीवर, तर तिथे उभी राहून तुला फोनवर माझा नोंदणीचा पासवर्ड ओरडून सांगत होते ना, एकेक अक्षर? खाली अख्खं लग्नघर ऐकत होतं. आता शेंबडी पोरंसुद्धा मला त्या पासवर्डनेच हाक मारतात.

पांजी : हं.

डेल्फी : हं काय? हस की.

पांजी : डेल्फी, तो मी मेसेज केला होता ना तुला, कोर्सचा...

डेल्फी : 'मशीन लर्निंग भरलं, दोघांचंही हुकलं, दोघांनाही नेटवर्किंगच्या कोर्सला टाकलंय.' वाचला की. वाचला आणि टेकडीवरच बसले. दादा विचारतोय काय झालं, म्हटलं काही नाही, मका वाया गेला. अरे, प्रबंधात मशीनला रोग ओळखायला शिकवायचं म्हणून मक्याच्या पानांचे इतके फोटो काढलेत मी, की फोनमध्ये लग्नाच्या फोटोंना जागा उरली नाही. आणि हा कोर्स केल्याशिवाय हार्याती मॅडम प्रबंधाला घेत नाहीत. पुन्हा वर्ग थेट पुढच्या वर्षी. तोवर माझी शिष्यवृत्ती थांबतेय होय.

पांजी : माहितीये मला.

डेल्फी : माहितीये ना? म्हणून तर उतरल्या उतरल्या मॅडमकडे गेले.

पांजी : कुठल्या मॅडमकडे?

डेल्फी : हार्याती मॅडमकडेच. आंघोळ नाही, काही नाही, अंगाला कोंबड्याचा वास. म्हटलं, मॅडम, एक खुर्ची वाढवा. त्या म्हणाल्या, लॅबमध्ये मशीन चाळीस, मुलं चाळीस, तुला काय मांडीवर घेऊ? मग मी म्हटलं, माझं राहू द्या. पण कुणी गळालं तर पांजीला घ्या.

पांजी : मला?

डेल्फी : तुला. म्हटलं, बिचारा सायबर कॅफेत दोन मशीन घेऊन बसला होता. एक त्याचं, एक माझं. माझं करता करता त्याचंही गेलं. सख्खा भाऊ इतकं करत नाही, असंही म्हणाले. जरा रडलेसुद्धा असेन.

पांजी : मॅडम काय म्हणाल्या?

डेल्फी : यादी बघितली. चष्मा वर केला. म्हणाल्या, हा तर आहे की माझ्याकडे. शेवटचा. चाळिसावा.

पांजी : तू काय म्हणालीस मग?

डेल्फी : मी म्हटलं, हो का, मग माझीच काहीतरी गडबड झाली. दोनदा थँक्यू म्हणाले आणि उलट्या पावली निघाले. दाराला डोकं आपटलं.

पांजी : आणि मघापासून मला कोंबड्याचं काय सांगतेयस मग?

डेल्फी : वाट बघत होते. म्हटलं, सांगेल.

पांजी : तुझंच पान आधी उघडलं होतं. एक जागा, बटण हिरवं. हात तुझ्याच मशीनवर होता माझा. तेवढ्यात शेजारी माझं उघडलं.

डेल्फी : आणि?

पांजी : आणि मी खुर्ची तिकडे सरकवली.

डेल्फी : तुला तर तो विषय आवडतही नाही.

पांजी : सगळे घेत होते गं. नोकरीला बरं पडतं म्हणतात.

डेल्फी : फोन करून मागितली असतीस...

पांजी : दिली असतीस?

डेल्फी : छे. भांडले असते. पण निदान भांडले तरी असते.

पांजी : मी सोडतो. चारपर्यंत बदल चालू आहेत.

डेल्फी : उपकार नकोत मला.

पांजी : उपकार कसले, जागा तुझीच होती. तुझ्या आईचा डबा समोर आहे आणि मला झाकण उघडवत नाहीये. लॅपटॉप काढ.

डेल्फी : सोडलीस की सगळ्यांना दिसणार ती. टपून बसलीयेत पोरं.

पांजी : म्हणून म्हणतो, आधी तुझं पान उघड.

डेल्फी : सकाळपासून उघडंच आहे माझं.

पांजी : बोट बटणावर ठेव. एक, दोन म्हणतो...

डेल्फी : मोजू नकोस, सोड सरळ.

पांजी : सोडली.

डेल्फी : दिसत नाहीये. भरलंच दाखवतंय. गेली वाटतं रे.

पांजी : परत उघड पान. लवकर उघड.

डेल्फी : उघडतेय. आली. दाबलं. गोल फिरतंय नुसतं... नाव आलं माझं.

पांजी : आलं? झालं मग?

डेल्फी : नाही. नक्की करायला पासवर्ड मागतंय.

पांजी : मग टाक ना पटकन.

डेल्फी : टाकते. बदललाय मी तो. तू जरा तिकडे बघ.